सर्जनसाठी अवजार बनवतोय, ओटीवाल्यांनो जरा बोला

लोखंडाचे_चणे

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल इंजिनीअर, मुक्काम पुणे. गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करण्यात अकरा वर्षं घालवली. गेल्या वर्षी दोघा मित्रांबरोबर नोकरी सोडली आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी एक ग्रास्पर, म्हणजे पोटात आतडंबितडं धरायची लांब दांड्याची पकड, बनवायला घेतली.

कल्पना अशी : टोकाशी दाब मोजणारा सेन्सर, मुठीवर छोटा दिवा. पकड हलकी असली तर हिरवा, जास्त झाली तर लाल. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये बोटांना जे कळतं ते लांब दांड्यातून कळत नाही, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. त्यावरून सुचलं.

नमुना तयार आहे. तीन सर्जनना दाखवला. तिघंही "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणाले, एकाने पाठ थोपटली. त्यानंतर एकानेही फोन उचललेला नाही.

इथे बरेच डॉक्टर, सिस्टर, भूलतज्ज्ञ आहेत म्हणून विचारतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, तुम्हाला रोज कशाचा वैताग येतो? आमचं कुठे चुकतंय? सडेतोड लिहा, राग येणार नाही.

---

निवांत_पाटील

तीनदा "व्हेरी गुड" म्हणजे मराठीत "बघू हं, कळवतो". मुलगी बघायला गेलेल्यांना विचारा.

---

दुर्बीणताई

मी जनरल सर्जन, आठवड्याला पंधरा-वीस लॅप (दुर्बिणीच्या) केसेस. सडेतोड म्हणालात म्हणून लिहिते.

दिवा मुठीवर लावलात. लॅप करताना माझी नजर कुठे असते? समोरच्या मॉनिटरवर. खोलीतले दिवे मंद केलेले असतात आणि हाताकडे मी पंधरा-पंधरा मिनिटं बघत नाही. तुमचा लाल दिवा फक्त समोर उभ्या असलेल्या असिस्टंटला दिसणार, आणि तो घाबरून मलाच घाबरवणार.

बोटांना कळत नाही हे खरंच आहे. पण काही वर्षांनी डोळ्यांनी "कळायला" लागतं. ऊतीचा रंग फिका पडतो, पकडीच्या कडेला सुरकुती येते. शिकाऊ डॉक्टरांना तुमचा सेन्सर उपयोगी पडेल कदाचित. मला नाही.

आता मला काय हवंय ते ऐका. माझा ग्लोव्हचा नंबर ६. बाजारातल्या बहुतेक मुठी साडेसात-आठ नंबरच्या हाताला डोळ्यासमोर ठेवून केलेल्या वाटतात. अंगठ्याच्या कडीत माझा अंगठा हिंदकळतो, म्हणून मी तो जास्त आत घालते, आणि कडीची धार नसेवर दाबली जाते. लांबलेली केस संपली की अंगठ्याची बाजू तास-दोन तास बधिर. आतडं कापून शिवणारा स्टेपलर तर माझ्या एका हाताच्या पकडीत मावतच नाही, दोन्ही हातांनी दाबावा लागतो. मग शेजारचे सर म्हणतात, "मॅडम, मी दाबू का?" त्या वाक्याची किंमत तुमच्या सेन्सरपेक्षा जास्त आहे, एवढंच सांगते.

---

कोडगा

दुर्बीणताई, मान्य. पण हा सगळा प्रश्न रोबॉटने सुटलेलाच आहे ना? कन्सोलवर बसायचं, मुठीच्या आकाराचा संबंध नाही, हाताची थरथर गाळली जाते, मनगट हवं तसं वळतं. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबॉटला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, आता भारतातही गुरुग्रामला बनलेला एसएसआय मंत्रा हा रोबॉट आहे. मग २०व्या शतकातली कात्री सुधारत बसण्यात काय हशील?

(मी सॉफ्टवेअरवाला. ओटीत फक्त एकदा गेलोय, आडवा.)

---

दुर्बीणताई

कोडगा, रोबॉट मीही चालवते, छानच आहे. थरथर जाते, दांड्याचं उलटं गणितही जातं. (साध्या लॅपमध्ये हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, पोटाच्या भिंतीवर तरफ होते म्हणून.) पण गंमत बघा, ज्या स्पर्शासाठी हे लोखंडाचे चणे धडपडतायत, तो दा विंचीतही जवळजवळ पाव शतक नव्हता. दाबाची जाणीव देणारी अवजारं २०२४ च्या नव्या मॉडेलबरोबर आली. तोवर जगभरातल्या सर्जननी डोळ्यांवरच निभावलं.

आणि देशातल्या किती ओट्यांमध्ये रोबॉट आहे? बाकीच्यांचे अंगठे बधिरच राहू देत का?

---

ट्रॉलीवाली

मी स्क्रब सिस्टर, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात अवजारं देणारी. सव्वीस वर्षं झाली. इथे नुसती वाचते, पण आज लिहितेच.

दादा, तुम्ही तीन सर्जनना दाखवलंत. सिस्टरला दाखवलंत का?

अवजार सर्जनच्या हातात तासभर असतं. बाकी वेळ ते माझ्याकडे असतं. केस झाली की मी ते उघडते, मूठ वेगळी, बाहेरची नळी वेगळी, आतला दांडा वेगळा. ब्रश घालून धुते, पिचकारीने पाणी मारते, वाळवते, पॅक करते, ऑटोक्लेव्हला (वाफेने जंतू मारायच्या यंत्राला) लावते. १२१ डिग्री, पंधरा पौंडाचा दाब. घाई असली तर १३४ वर. तुमचा सेन्सर, तुमची बॅटरी, त्यातला तो डिंक हे सोसणार आहे का? नाही सोसणार. मग म्हणाल जंतू मारायच्या ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅसला लावा. गॅसला आज टाकलेलं उद्या मिळतं, कारण नंतर तो गॅस उडून जायला वेळ द्यावा लागतो. आमच्याकडे दिवसाला चार लॅप कोली (दुर्बिणीने पित्ताशय काढायची ऑपरेशनं) असतात आणि ग्रास्परचे सेट दोन. हिशेब करा.

फटीत अडकलेलं रक्त वाळलं की सुईने कोरून काढावं लागतं. जिथे माझा ब्रश पोचत नाही तिथे तुम्ही सांधा देऊ नका. एवढं केलंत तरी पुष्कळ.

---

निवांत_पाटील

ट्रॉलीवाली, साष्टांग. "सिस्टरला दाखवलंत का?" ही ओळ फ्रेम करून प्रत्येक स्टार्टअपच्या ऑफिसात लावा.

---

पोथीवाला

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. यंत्र म्हणजे धरायची-ओढायची बोथट अवजारं, शस्त्र म्हणजे कापायची. काही यंत्रांची नावं पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून : सिंहमुख, काकमुख, कंकमुख. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा लांब चोचीचा पक्षी. या सगळ्यांत कंकमुखाला श्रेष्ठ म्हटलंय, कारण ते सहज आत जातं, सहज फिरतं, घट्ट धरतं आणि धरलेलं घेऊन बाहेर येतं. ग्रास्परचं वर्णन याहून नेमकं आज तरी कोण करेल?

आणखी एक प्रकार 'संदंश'. स्वयंपाकघरातली आपली सांडशी त्याच शब्दातून आली. म्हणजे घरोघरच्या मावश्या-काकू रोज दुधाचं पातेलं शल्ययंत्राने उतरवतात.

आणि १०१ यंत्रं सांगताना सुश्रुत बजावतो की सर्वांत प्रधान यंत्र हात, कारण त्याच्याशिवाय इतर यंत्रं चालत नाहीत. दुर्बीणताईंचा ६ नंबर याच हिशेबात बसतो.

---

शंकासुर

झालं, सुश्रुत आला. आता पुष्पक विमान कधी?

---

पोथीवाला

शंकासुर, विमानाबद्दल मी काही बोललो नाही. सांडशीबद्दल बोललो. सांडशी तुमच्या घरीही असेल.

---

भूलोबा

भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे पडद्याच्या अलीकडून बोलतो.

पहिली विनंती : आणखी एक बीप नको. मॉनिटर बीप करतो, व्हेंटिलेटर बीप करतो, सिरिंज पंप बीप करतो, कॉटरी (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र) सुरू झाली की तिचा वेगळा सूर. एका मर्यादेनंतर कान बंद होतात आणि खरा अलार्मही गोंगाटात जमा होतो.

आवाजाचा शहाणा वापर बघायचा तर पल्स ऑक्सिमीटर बघा. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टुक होतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या टुकचा सूरही उतरतो. मी पाठमोरा औषध भरत असलो तरी सूर खाली आला की मान आपोआप वळते. आकडा वाचावा लागत नाही. दिव्याऐवजी असं काही सुचलं तर बघा. पण नवा आवाज नकोच.

दुसरं उदाहरण तुमच्यातल्या मेकॅनिकल इंजिनीअरला आवडेल. भुलीच्या मशीनवर ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडचे छोटे सिलिंडर लागतात. ऑक्सिजनचा काळा, खांदा पांढरा. नायट्रसचा निळा. रात्री अडीचला, दिवे गेलेले असताना, रंगावर विसंबून चालत नाही. म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी भोकं आणि मशीनच्या जोखडाला खुंट्या असतात. ऑक्सिजनला २ आणि ५ या जागा, नायट्रसला ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. ना सेन्सर, ना बॅटरी, दोन खुंट्या. कितीही दमलेला माणूस असला तरी ती चूक त्याला सहजी करता येत नाही. (खुंटी मोडून बसवणारे महाभाग असतात, पण त्यांच्यापुढे ब्रह्मदेवही हात टेकेल.)

---

तालुक्याचा_डॉक्टर

उशिरा आलो, ओपीडी होती.

पुण्या-मुंबईच्या ओटीचं ठीक आहे. आमच्याकडचं ऐका. वीज जाते. पोट फुगवायच्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जिल्ह्याहून येतो. कॅमेऱ्याचा माणूस दुरुस्तीला यायला आठवडा लावतो. अवजार मोडलं तर ते गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्त होईल का, हा माझा पहिला प्रश्न असतो. हसू नका, रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) मी तसा करून घेतलाय.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचं काम माहीत आहे का? हर्नियाला आतून जाळी लावतात. कंपनीची जाळी गरीब पेशंटला परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी तपासून, निर्जंतुक करून वापरली आणि २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत ते छापलं. घरची मच्छरदाणी फाडून लावली असा याचा अर्थ नव्हे. धागा कुठल्या पॉलिमरचा, शरीरात तो कसा वागतो, हे बघून केलेलं काम होतं. पुढे युगांडात रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि मच्छरदाणीची जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली.

तसंच गॅसविना लॅपचं. पोट गॅसने फुगवण्याऐवजी पोटाची भिंत एका कमानीने वर उचलून धरायची. गॅस नको, कमरेतल्या इंजेक्शनच्या भुलीवर काम होतं. आपल्या ग्रामीण सर्जननी ईशान्येकडे हे बरंच केलंय, आणि त्यासाठीची सुधारित कमान लीड्स विद्यापीठाच्या मंडळींनी या सर्जनबरोबर बसून बनवली.

तुमच्या ग्रास्परची किंमत किती?

---

लोखंडाचे_चणे

डॉक्टर, आत्ताच्या नमुन्याचे चाळीसेक हजार. संख्या वाढली की पंधरावर येईल असा अंदाज.

---

तालुक्याचा_डॉक्टर

व्हेरी गुड, व्हेरी गुड.

---

निवांत_पाटील

😂😂 मेलो

---

गुलबक्षी

ट्रॉलीवाली सिस्टरांच्या मुद्द्यावरून आठवलं. रबरी हातमोजे ओटीत आले ते पेशंटसाठी नाही, सर्जनसाठीही नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. १८८९-९० च्या सुमाराची गोष्ट. त्यांची स्क्रब नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन. तेव्हा हात पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून जंतुमुक्त करत, त्याने तिची त्वचा सोलवटली. नोकरी सोडायची वेळ आली. हॉल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करून घेतले. पुढे इतरांनी घातले आणि नंतर लक्षात आलं की जखमाही कमी चिघळतायत.

पुढे दोघांचं लग्न झालं. कंपनीने हुंडा मागितल्याची नोंद नाही.

---

ट्रॉलीवाली

बघा. म्हणजे मोज्यांची पहिली गिऱ्हाईक सिस्टरच.

आमच्या डॉक्टरांनी मला पंचवीस वर्षांत हँडक्रीम पण दिलं नाही. 😀

---

शंकासुर

सगळे वस्तूंबद्दल बोलताय. माझ्या मते ओटीत आलेलं सर्वांत गुणी अवजार कागदाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची तपासणी यादी, १९ कलमं. पेशंट कोण, बाजू डावी की उजवी, अँटिबायोटिक दिलं का, मॉप (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजले का. आठ शहरांत करून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये आकडे आले : मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. खर्च एका झेरॉक्सचा.

---

भूलोबा

शंकासुर, यादी मलाही आवडते, पण पुढचा भागही सांगा. कॅनडातल्या ओंटारियोत १०१ हॉस्पिटलांत ती सक्तीची केली, २०१४ ला निष्कर्ष छापले, आणि मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. कागद तोच. फरक तो कोण आणि कसा वाचतं यात असावा. काही ओट्यांत मी पाहिलंय, केस संपल्यावर चहा पिताना एक जण सगळ्या चौकटींत टिक करतो. पेशंट रिकव्हरीत आणि आम्ही विचारतोय, बाजू बरोबर आहे ना?

---

अण्णांचा_नातू

मी फक्त पेशंटचा नातेवाईक. माझ्या आजोबांच्या पोटात एक मॉप राहिला होता. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, प्रकरण मिटलंय. आजोबा वाचले, पण तो उन्हाळा आमच्या घरातून गेलेला नाही.

मला एवढंच विचारायचंय की इतकी तंत्रं आली, कापडाचे तुकडे मोजायला काही नाही का?

---

ट्रॉलीवाली

बाळा, वाचून कसंतरी झालं.

मोजणी असते. सुरुवातीला मोजतो, फळ्यावर लिहितो, पोट शिवायच्या आधी मोजतो, नंतर पुन्हा. मॉपला एक्स-रेत दिसणारा धागा असतो. चिप बसवलेले मॉप पण निघालेत, वरून यंत्र फिरवलं की ओरडतात. महाग आहेत, आमच्याकडे नाहीत.

पण चूक कधी होते ते सांगते. रक्तस्राव सुरू झाला की सर ओरडतात "मॉप, मॉप", मी पाच-पाच देते, त्यात शिफ्ट बदलते, आणि फळा असतो माझ्या पाठीमागे. रक्ताने भिजून एकाला एक चिकटलेले मॉप मोजणं म्हणजे ओल्या पापडांची चळत मोजणं. आमच्या वॉर्डबॉय मामांनी खिडकीच्या ग्रिलला वापरलेले मॉप पाच-पाच करून टांगायची पद्धत पाडली. बाहेर असे कप्प्यांचे टांगते पाऊच विकत मिळतात म्हणे.

---

कोडगा

मी माझा रोबॉटचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

चणेसाहेब, आयआयटी मुंबईत २०१४ पासून 'बेटिक' म्हणून केंद्र आहे, वैद्यकीय उपकरणांसाठीच. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी या इंजिनीअरिंगच्या संस्था त्यांच्या जोडीला. इंजिनीअरांना आधी हॉस्पिटलात धाडतात, मग ड्रॉइंग. तुम्ही पुण्यातच आहात, जाऊन बघा. आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम वाचा. धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत. सेन्सर-बॅटरी आली की साध्या पकडीची फाइल जाड व्हायला लागते.

---

लोखंडाचे_चणे

सगळ्यांचे आभार. थोडं जड गेलं, पण विचारलं मीच होतं. दुर्बीणताईंना व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

लोखंडाचे_चणे

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

एका हॉस्पिटलने परवानगी दिली. सहा दिवस ओटीच्या कोपऱ्यात उभा राहिलो. पहिल्या दिवशी चक्कर आली, मामांनी स्टुलावर बसवून पाणी दिलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वहीत दाब, पकड वगैरे रकाने आखून नेले होते. दुसऱ्या दिवशी ते सोडून दिले, कारण मला भलतंच काही दिसायला लागलं. स्कोपची, म्हणजे दुर्बिणीची, काच धूसर होते, मग तो बाहेर काढून थर्मासातल्या गरम सलाइनमध्ये बुडवतात. एका केसमध्ये अकरा वेळा. सर्जन मॅडम उंचीला कमी, पोट फुगवल्यावर टेबल पुरेसं खाली जात नाही, म्हणून त्या पाटासारख्या स्टेपवर उभ्या राहतात. कॉटरीचं पेडलही स्टेपवर ठेवावं लागतं. पिवळं कापायला, निळं रक्त थांबवायला. शेजारी दुसऱ्या मशीनचं आणखी एक पेडल. अंधार, नजर मॉनिटरवर, आणि पाय बिचारा चाचपडतोय. पेडल स्टेपवरून सरकून खाली पडलं, तेव्हा मामा ओणवे होऊन टेबलाखाली शिरले आणि मॅडमचा पाय धरून पेडलवर ठेवला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या आठवड्यात असं मी नऊ वेळा पाहिलं. शेवटी सिस्टरांनी पेडल चिकटपट्टीने स्टेपला बांधलं.

मी विचारलं, "याची तक्रार कुणी केली नाही का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तक्रार कसली, पेडल पडतंच.

तर सेन्सरवाला ग्रास्पर कपाटात ठेवलाय. मित्रांशी भांडण झालं, एक जण सोडून गेला. आता स्टेपलाच पेडलसाठी खाच असलेला ट्रे बनवतोय. पिवळ्या-निळ्याच्या मध्ये पायाला लागेल असा उंचवटा. भूलोबांच्या खुंट्या डोक्यात होत्या. वीज नाही, सेन्सर नाही. जोडीला ग्रास्परसाठी अंगठ्याच्या कडीत बसणारं सिलिकॉनचं अस्तर, तीन मापांत, ऑटोक्लेव्ह सोसणारं. अस्तर दुर्बीणताईंना पाठवलंय.

---

दुर्बीणताई

अस्तर मिळालं. अंगठा दीड तास जागा होता. पण ओलं झालं की अस्तर कडीत गरगर फिरतं. त्याला आतून एक खोबण द्या.

पेडलचं वाचून हसले आणि मग लाज वाटली. तुमच्या धाग्यावर अंगठ्यावर एवढं लिहिलं, पेडल माझ्या डोक्यातही आलं नाही. सोळा वर्षं पाय चाचपडतोय.

---

ट्रॉलीवाली

ट्रेला तळाशी भोकं ठेवा. फरशीवर सलाइन, रक्त, सगळं येतं, साचून राहील. आणि कोपरे गोल करा, पोछा फिरला पाहिजे. टोकदार कोपरा असला तर मावशी शिव्या घालतील, मला नाही, तुम्हाला.

---

लोखंडाचे_चणे

सिस्टर, भोकं आहेत. कोपरे गोल नाहीत. उद्या ड्रॉइंग बदलतो.

---

तालुक्याचा_डॉक्टर

किंमत?

---

लोखंडाचे_चणे

डॉक्टर, स्टीलचा केला तर अठराशे. ड्रॉइंग पाठवतो, तुमच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि कुठे मोडतो ते कळवा.

---

तालुक्याचा_डॉक्टर

पाठवा. गुरुवारी दोन केसेस आहेत.